झोपेची गोळी कधी थांबवायची, हेही चिठ्ठीवर लिहा

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व फॅमिली डॉक्टर आणि मेडिकल दुकान चालवणारे फार्मासिस्ट
प्रत माहितीसाठी: आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार,

मी उत्तर महाराष्ट्रात व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारी समुपदेशक आहे. डॉक्टर नाही आणि फार्मासिस्टही नाही. तुम्ही लिहून दिलेल्या, तुमच्या काउंटरवरून गेलेल्या गोळ्या ज्यांच्याकडून सुटत नाहीत, ती माणसं आणि त्यांचे नातेवाईक माझ्यासमोर येऊन बसतात. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसत आली आहे आणि ती तुम्हा दोघांना एकाच पत्रात सांगावी असं वाटलं. झोपेची किंवा 'टेन्शनची' गोळी सुरू करणारं कुणीतरी असतं, ती देत राहणारंही कुणीतरी असतं. थांबवायचं काम मात्र कुणाकडेच सोपवलेलं नसतं.

आरोप करायला हे पत्र लिहीत नाही. गावात रात्री-अपरात्री दार उघडणारे डॉक्टर तुम्हीच आहात आणि आजीला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून पाकिटावर पेनाने मोठं 'सकाळ-रात्र' लिहून देणारे मेडिकलवालेही तुम्हीच. लोक तुमचं ऐकतात. म्हणून विनंती तुम्हाला.

या गोळ्यांची बातमी होते ती पोलिसांनी साठा पकडल्यावर. मालेगावात अल्प्राझोलमला 'कुत्ता गोळी' म्हणतात. मुंबईत, छत्रपती संभाजीनगरात नायट्राझेपामसारख्या गोळ्यांना 'बटन' म्हणतात. बातमीतल्या फोटोत टेबलावर मांडलेल्या पट्ट्या असतात आणि मागे तोंड झाकलेली पोरं. त्यांच्याविषयी पुढे लिहिते. पण माझ्या कामात मला त्याहून अधिक भेटतात ती बातमीत कधीच न येणारी माणसं, आणि त्यांची काळजी मला जास्त वाटते, कारण त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नाही.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण अशी कहाणी मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की ती कुणा एकीची राहिलेली नाही. साठी ओलांडलेल्या बाई. नवरा अचानक गेला. त्या आठवड्यात डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी अल्प्राझोलम लिहून दिली, 'पॉइंट टू फाइव्ह'. त्या दहा दिवसांपुरती ती गोळी योग्यच होती, असंच मी म्हणेन. अकराव्या दिवशी मात्र बाई दवाखान्यात गेल्या नाहीत. मुलगा तीच चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा गेला. मग चिठ्ठीचीही गरज उरली नाही, रिकामी पट्टी दाखवली की काम व्हायचं. पाव मिलिग्रॅमने झोप येईना म्हणून अर्धा झाली. मध्ये डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी जुनी फाइल चाळली आणि 'आधीच्या गोळ्या चालू ठेवा' म्हणाले. असं करत करत आठ वर्षं गेली.

या बाईंना कुणी व्यसनी म्हटलं तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होईल, आणि ते खरंही नाही. त्यांनी नशेसाठी गोळी कधी घेतली नाही, चोरून घेतली नाही, तिच्यासाठी खोटं बोलल्या नाहीत. त्यांच्या शरीराला गोळीची सवय लागली आहे, एवढंच. मन गोळीमागे धावणं वेगळं आणि शरीर गोळीवर अवलंबून राहणं वेगळं. हा फरक आपण लोकांना समजावून सांगत नाही, म्हणून अशी माणसं मदत मागायला लाजतात. व्यसनमुक्ती केंद्राची पाटी बघूनच माघारी फिरतात.

कित्येकांना तर आपण या जातीची, डॉक्टरी भाषेत बेन्झोडायझेपिन म्हणतात ती, गोळी घेतो हेच ठाऊक नसतं. आपल्याकडे मिश्र गोळ्या फार. पोटात मुरडा येतो, गॅस धरतो म्हणून दिल्या जाणाऱ्या एका जुन्या मिश्रणात क्लिडिनियमच्या जोडीला क्लोरडायझेपॉक्साइड असतं. छातीत धडधडतं म्हणून दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलसोबत एटिझोलाम किंवा क्लोनाझेपाम असतं. उदासीवरच्या एस्सिटालोप्रामसोबत क्लोनाझेपाम असतं. रुग्ण म्हणतो, 'ही माझी गॅसची गोळी.' पोट बरं वाटलं की तो ती एका दिवसात सोडतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीपासून झोप उडते, हात थरथरतात, घाम फुटतो. घरचे त्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेतात. ईसीजी नॉर्मल येतो. गॅसच्या गोळीचं नाव कुणी काढतच नाही, कारण ती यादीत 'पोटाची' म्हणून लिहिलेली असते. डॉक्टरसाहेब, मिश्र गोळी लिहिताना तिच्यात काय आहे हे तोंडी एकदा सांगा. दोन वाक्यं लागतात.

मिलिग्रॅमचा आकडाही फसवतो. ०.५ बघून लोकांना वाटतं, एवढीशी तर आहे. पण प्रचलित तक्त्यांनुसार अर्धा मिलिग्रॅम अल्प्राझोलम किंवा क्लोनाझेपाम ही साधारण दहा मिलिग्रॅम डायझेपामच्या, म्हणजे आपल्या आजी-आजोबांना माहीत असलेल्या काम्पोजच्या बरोबरीची. शेजारणीने 'माझ्याकडची घे, छोटी आहे' म्हणून दिलेली गोळी प्रत्यक्षात केवढी असते, ते यावरून कळावं.

आतमध्ये काय होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मी रुग्णांना कसं सांगते, तेवढं लिहिते. मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, त्याचं काम मेंदूच्या पेशींना शांत करणं. ही गोळी गाबाचा जोर वाढवते. रोज बाहेरून असा जोर मिळायला लागला की मेंदू आपल्या बाजूने जुळवून घेतो: गाबाला दाद देणं कमी करतो आणि जागं ठेवणारी, उत्तेजित करणारी बाजू वाढवतो. म्हणून काही आठवड्यांतच झोपेसाठीचा गुण ओसरायला लागतो. त्यानंतर माणूस गोळी घेतो ती बरीचशी गोळी न घेतल्याचा त्रास टाळण्यासाठी. 'गोळीशिवाय डोळाच लागत नाही, म्हणजे मला गोळीची गरज आहे', असं रुग्ण मला पुरावा दिल्यासारखं सांगतात. गोळी सुटली की काही दिवस झोप आधीपेक्षा बिघडणारच, हे त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं.

वयस्कर माणसांचं तर फारच अवघड. वय वाढतं तसं यकृत या गोळ्या हळू निकामी करतं. डायझेपाम आणि त्यापासून शरीरात तयार होणारे घटक कितीतरी दिवस रक्तात राहतात. रात्री नऊला घेतलेल्या गोळीची गुंगी सकाळच्या चहापर्यंत संपली असं धरून चालता येत नाही. पहाटे तीनला लघवीला उठताना तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं, आणि मग ऑपरेशन, अंथरूण, फुप्फुसात कफ, जखमा. अस्थिरोग विभागातल्या फाइलवर 'बाथरूममध्ये पाय घसरून पडणे' असं लिहिलं जातं. गोळीचं नाव त्या पानावर येत नाही. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पासष्टीच्या पुढच्या लोकांसाठी टाळण्याजोग्या औषधांची यादी केली आहे, तिच्यात ही सगळी जात आहे.

स्मरणशक्तीचंही तसंच. या गोळीमुळे जुनं पुसलं जात नाही, नवं नीट नोंदलं जात नाही. सकाळी काय जेवलो, फोनवर कोण बोललं, हे आठवत नाही. मुलं 'बाबांना विसरण्याचा आजार झाला' म्हणून घाबरून जातात. काहींना तो खरोखर असतो. पण काहींची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवल्यावर त्यांना पुन्हा नातवंडांशी पत्ते खेळताना मी पाहिलं आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री आईच्या डब्यातली गोळी घेणाऱ्या मुलामुलींनाही हे सांगायला हवं. वर्षभर केलेला अभ्यास ऐन परीक्षेत डोक्यात ताजा हवा असतो, त्याच रात्री ते डोकं धूसर करणारी गोळी घेतली जाते.

आणि दारू. या गोळ्या एकट्या घेतल्या तर त्यांनी जीव जाण्याचं प्रमाण बार्बिट्युरेट या झोपेच्या जुन्या औषधांच्या मानाने खूप कमी, हे खरं. म्हणून 'ही सेफ आहे' असा समज पसरला. पण दारू, वेदनेवरचं ट्रॅमाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध यांच्या जोडीला ही गोळी आली की श्वास मंदावतो, आणि झोपेत मंदावलेला श्वास शेजारी झोपलेल्यालाही कळत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये अफूजन्य औषधं आणि या गोळ्या एकत्र घेण्याविरुद्ध सर्वात कडक इशारा वेष्टनावर छापायला लावला, तो याचसाठी. जो रुग्ण रोज संध्याकाळी दारू घेतो तो दवाखान्यात आपणहून सांगत नाही. त्याला विचारावं लागतं, आणि बायकोसमोर नाही, एकट्याला विचारावं लागतं. जोरात घोरणारे, झोपेत श्वास अडकणारे, दम्याचे जुने रुग्ण, यांच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी.

प्रत्येक पिढीला नवी गोळी 'जुनीसारखी सवय लावत नाही' असं सांगूनच मिळाली आहे. बार्बिट्युरेटच्या जागी १९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड आलं, १९६३ मध्ये डायझेपाम. त्यांची सवय लागते हे जगाने मान्य करेपर्यंत वीस-पंचवीस वर्षं गेली. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं की या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नका. मग झोल्पिडेम आली. ती तर 'फक्त झोपेची' म्हणून निर्धोक वाटत होती. २०१३ मध्ये अमेरिकेत स्त्रियांसाठी तिची शिफारस केलेली मात्रा निम्मी करावी लागली, कारण सकाळी गाडी चालवतानाही ती रक्तात पुरेशी उरत होती. २०१९ मध्ये, ती घेतल्यावर लोक झोपेतच चालतात, स्वयंपाक करतात, गाडी चालवतात आणि जखमी होतात, म्हणून कडक इशारा आला. २०२० मध्ये तिथल्या नियामकाने अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम या सगळ्या जातीवरच गैरवापर, सवय आणि सोडतानाचा त्रास यांबद्दल ठळक इशारा छापायला लावला. औषध कंपनीचा एमआर तुमच्या टेबलावर पुढची नवी गोळी ठेवेल, तेव्हा हा साठ वर्षांचा इतिहास आठवावा, एवढंच म्हणणं.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला बसले तिकडे येते.

गोळी अचानक बंद करणं हे गोळी चालू ठेवण्यापेक्षाही घातक ठरू शकतं. २०१५ साली आपल्या नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात आणि तेलंगणाच्या इतर भागांत ते फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. तिथे अल्प्राझोलम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट ही गुंगीची औषधं मिसळलेली शिंदी विकली जात होती. पिणाऱ्यांना वाटायचं आपण शिंदी पितो. सरकारने भेसळीवर धाडी घातल्या, पुरवठा एकदम आटला, आणि काही दिवसांतच सरकारी दवाखाने भरून गेले. माणसांना आकड्या येत होत्या, भास होत होते, कुणी असंबद्ध बडबडत होतं, कुणाला धरून ठेवावं लागत होतं. धाड घालणं चुकीचं नव्हतं. पण ज्यांच्या शरीरात ते औषध रोज जात होतं, त्यांचं उद्या सकाळी काय होईल, याची तजवीज धाडीआधी झालेली नव्हती.

आपल्याकडे लहान प्रमाणात हेच घडतं. तालुक्यात एखाद्या दुकानावर कारवाई होते. दुसऱ्या दिवसापासून गावातली सगळी मेडिकल सावध होतात, 'चिठ्ठी आणा, नाहीतर मिळणार नाही' म्हणतात. नियमाने ते बरोबरच आहे. पण त्या सावधगिरीची किंमत पहिल्यांदा मोजते ती आठ वर्षं गोळी घेणारी ती आजी. बाजारातल्या पोराला दुसरीकडून मिळते. आजीला मिळत नाही. अल्प्राझोलमचा त्रास एक-दोन दिवसांत सुरू होतो. डायझेपामचा आठवड्याने सुरू होऊ शकतो, म्हणजे तोवर गोळीचा आणि त्रासाचा संबंध घरच्यांच्या डोक्यातूनही गेलेला असतो. छातीत धडधड, घाम, मळमळ, उजेड आणि आवाज सहन न होणं, अंगात मुंग्या, प्रचंड भीती. काहींना फिट येते. आयुष्यात पहिल्यांदा साठीत फिट आलेल्या माणसाचं मेंदूचं स्कॅन होतं, हजारोंचा खर्च होतो. 'कोणती गोळी बंद केलीत का?' हा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही.

डॉक्टरसाहेब, घरच्यांच्या आग्रहावरून तुम्हीही कधी कधी 'आजपासून बंद' म्हणता. मुलगी पुण्याहून येते, इंटरनेटवर वाचून आलेली असते, आईवर ओरडते, तुमच्यावरही ओरडते. तिची कळकळ खरी असते. तिला शांतपणे सांगा की बंद करायची आहे, पण महिने लागतील. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला डॉ. हेदर अॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं फक्त या गोळ्या सोडवण्यासाठीचं क्लिनिक चालवलं. त्यांच्या अनुभवाचं सार असं की मात्रा थोडी-थोडी उतरवायची आणि वेग रुग्णाच्या सोसण्यावर ठरवायचा. अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनांनी २०२५ मध्ये एकत्र काढलेल्या मार्गदर्शक सूचनाही साधारण तेच सांगतात: सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के कमी करण्याचा विचार करा, आणि मध्ये त्रास वाढला तर थांबा, घाई नको. कुणाला आधी दीर्घकाळ टिकणारी गोळी द्यावी, कुणाला रुग्णालयात ठेवूनच उतरवावी, हे तुम्ही आणि मानसोपचारतज्ज्ञ ठरवाल. ज्याला आधी कधी फिट आली आहे किंवा जो सोबत दारू पितो, त्याने घरी प्रयोग करायचाच नाही.

म्हणून माझी मुख्य मागणी: पहिल्याच चिठ्ठीवर शेवट लिहा. 'अल्प्राझोलम ०.२५, रात्री एक, १० दिवस' याच्या खाली आणखी एक ओळ: 'त्यानंतर दवाखान्यात येणे, मेडिकलमधून परस्पर घेऊ नये.' मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात. हॉस्पिटलमधून घरी सोडतानाच्या कार्डावर तर हे अवश्य हवं. ऑपरेशननंतरच्या चार रात्रींसाठी लिहिलेली गोळी कार्डावर नुसती 'चालू' म्हणून राहते आणि फॅमिली डॉक्टरांना वाटतं मोठ्या डॉक्टरांनी दिली आहे, आपण कशी काढायची.

फार्मासिस्ट मित्रांनो, तुमच्या हाताशी नियम आधीपासून आहे. औषध नियमांतल्या नियम ६५ प्रमाणे, चिठ्ठीवर पुन्हा द्यावं असं डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल तर तिच्यावर एकदाच औषध देता येतं, आणि दिल्यावर त्याच चिठ्ठीवर दुकानाचं नाव, पत्ता व तारीख टाकायची असते. अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड आणि झोल्पिडेम १ मार्च २०१४ पासून एच-वन यादीत, म्हणजे वेगळी नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या यादीत आहेत. त्यांची वेगळी नोंदवही, डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, किती गोळ्या दिल्या याची नोंद, आणि ती वही तीन वर्षं जपणं, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. अनेक दुकानांत ही वही निरीक्षक येणार कळल्यावर एका रात्रीत भरली जाते, हेही आपल्याला माहीत आहे. माझं म्हणणं असं की ती वही तुमच्याच उपयोगाची आहे. एकच नाव सलग तिसऱ्या महिन्यात त्या वहीत आलं, तर त्या माणसाला नकार देऊन परत पाठवू नका. त्याच्या डॉक्टरांना फोन करा. 'यांना तीन महिने झाले, पुढे काय करायचं?' एवढं विचारा. चिठ्ठीवर शिक्का मारा. चिठ्ठी जुनी असेल आणि डॉक्टर त्या दिवशी भेटत नसतील, तर रुग्णाला स्वच्छ सांगा की गोळी एकदम तोडणं धोक्याचं आहे, आजच सरकारी दवाखान्यात जा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथली ओपीडी कोणत्या वारी असते ते लिहिलेला कागद काउंटरवर चिकटवून ठेवा.

चिंतेत, दुःखात असलेल्या घरात एका वेळी शंभर गोळ्यांचा साठा जाऊ देऊ नका. थोड्या द्या, पुन्हा बोलवा. मला वाटतं या एका सवयीने किती घरं वाचतील याचा आपल्याला अंदाज नाही.

आता बाजाराबद्दल. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करवून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीनुसार देशात १० ते ७५ वयोगटातली सुमारे १.१८ कोटी माणसं गुंगीची औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याबाहेर वापरत होती, आणि अशा माणसांची सर्वाधिक संख्या असलेल्या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे. 'बटन' विकत घेणारं पोर ते आकाशातून आणत नाही. कारखाना, घाऊक व्यापारी, कुरिअर, बनावट बिल, कुठलं तरी बंद पडलेलं दुकान ज्याचा परवाना अजून जिवंत आहे, अशी ती साखळी असते. ती तोडणं पोलिसांचं आणि अन्न व औषध प्रशासनाचं काम, आणि ते जोरात व्हावं. त्या पोरांबद्दल एवढंच सांगते की त्यातले बरेच जण रात्रपाळी, यंत्रमागाचा आवाज, बेकारी, घरातली भांडणं यांतून सुटका म्हणून पहिली गोळी घेतात. पुढे भीतीच वाटेनाशी होते, काय केलं ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही, आणि त्या अवस्थेत हाणामारी होते, गाडी ठोकली जाते. पकडल्यावर त्यांना कोठडीत गोळीविना ठेवलं जातं तेव्हा त्यांनाही फिट येऊ शकते. पोलीस ठाण्यात हे माहीत असायला हवं. आरोपी थरथरतोय, असंबद्ध बोलतोय, तर तो नाटक करतो असं धरून न चालता त्याला आधी सिव्हिलला न्यावं.

आयुक्त महोदय, तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. ज्या तालुक्यात या गोळ्यांवर कारवाई होणार असेल, तिथल्या जिल्हा शल्यचिकित्सकांना त्याच दिवशी कळवावं, म्हणजे पुढचे पंधरा दिवस त्रास होऊन येणाऱ्यांसाठी खाटा आणि औषधं तयार राहतील. तेलंगणाचा अनुभव शेजारच्या जिल्ह्यातला आहे, तो आपल्याला परत घ्यायला नको. आणि मिश्र गोळ्यांच्या वेष्टनावर 'या औषधात सवय लावणारा घटक आहे, अचानक बंद करू नका' असं मराठीत ठळक छापलं जावं, यासाठी केंद्राकडे राज्याने आग्रह धरावा. लाल पट्टा आणि इंग्रजी अक्षरं गॅसची गोळी घेणाऱ्या आजोबांना काहीच सांगत नाहीत.

'मग झोप येत नाही त्यांना काय द्यायचं?' असं डॉक्टर मला विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. बाहेर वीस जण बसलेले असतात, समोरचा माणूस तीन रात्री झोपलेला नाही, तो रडवेला आहे. काही वेळा थोडे दिवस गोळी हेच उत्तर असतं, ते मी नाकारत नाही. पण महिनोन्महिने चालणाऱ्या निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये गोळी न सांगता वर्तनोपचार सांगितला. त्यातला बराच भाग पाच मिनिटांत सांगता येतो. रात्री कितीही वाजता डोळा लागो, सकाळी एकाच वेळी उठायचं. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून बाहेरच्या खोलीत बसायचं आणि पेंगुळल्यावरच परत जायचं. दुपारची दोन तासांची झोप बंद. संध्याकाळनंतर चहा नाही. सत्तरीतल्या माणसाला आठ तासांची सलग झोप लागलीच पाहिजे हा आग्रह सोडायचा, कारण त्या वयात झोप हलकी आणि तुटक होतेच. ही शेवटची गोष्ट समजली की कित्येक आजोबांची निम्मी चिंता तिथेच कमी होते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे हे जड जातं, त्यात घरच्यांनी साथ द्यायला हवी. आणि झोपेमागे दुखणं, थायरॉइड, नैराश्य किंवा दारू आहे का, ते तुमच्याशिवाय दुसरं कोण शोधणार?

हे पत्र कुणा रुग्णाच्या हाती पडलं तर त्याने आज रात्रीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, ही हात जोडून विनंती. डॉक्टरांकडे जा, किती वर्षं घेता ते खरं सांगा, उतरवायची आहे असं म्हणा. बोलायचं असेल तर सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. गोळ्या आणि दारू एकत्र घेऊन कुणी उठत नसेल, श्वास अडखळत असेल, तर सकाळपर्यंत वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

डॉक्टर आणि फार्मासिस्ट मंडळींनी आपल्या तालुक्यात या विषयावर एकत्र बसायचं ठरवलं तर मी आणि माझ्यासारखे समुपदेशक यायला तयार आहोत. वेळापत्रक लिहून देणं, आठवड्याला फोन करून रुग्णाला धीर देणं, घरच्यांना समजावणं, ही आमची कामं आम्ही करू. मात्रा ठरवणं आणि चिठ्ठीवर ती एक ओळ लिहिणं तुम्ही करा. पहिली बैठक येत्या महिन्यातल्या कोणत्याही रविवारी, दुकानं बंद असतात तेव्हा दुपारी ठेवावी असं सुचवते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक व्यसनमुक्ती समुपदेशक
उत्तर महाराष्ट्र